डाव्या हाताची माशी

९ एप्रिल

आजपासून रोजचं लिहून ठेवणार आहे. हौस म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. काल आंजाच्या खानावळीत त्या नेदीमनं, दातांच्या डॉक्टरनं, सगळ्यांदेखत सांगितलं की सोमवारी मी टोपीत गंजकी माशी लावली होती. मी राखी लावली होती! आयुष्यभर या गावाचे कोट शिवले, निळ्या कापडावर काळा दोरा कधी चढू दिला नाही, आणि परवापरवा नदीवर यायला लागलेला हा माणूस मला रंग शिकवणार. आता कुणी काही बोललं की वही उघडून नाकासमोर धरीन.

पुरावा द्यायचा तर पूर्ण द्यावा. पुलाजवळ आंजाची खानावळ आहे. तिच्या दाराशी खुंटीवर एक जुनी फेल्टची टोपी असते. टोपीवाला सकाळी नदीतले दगड उलटून बघतो, पुलाखालच्या कोळीकिड्यांच्या जाळ्यांत काय अडकलंय ते बघतो आणि आज व्रेलिका नदीवर कोणते किडे उठणार ते ठरवतो. मग त्या किड्यासारख्या रेशमाच्या नि पिसांच्या माश्या, गळावर बांधलेल्या, मूठभर घेऊन टोपीच्या पट्ट्यात खोचतो. आमच्या गळ टाकणाऱ्यांच्या मंडळातला प्रत्येक जण येताजाता एक उचलतो आणि दिवसभर तिच्यावरच ट्राउट मासे धरतो. टोपीवाला बोलत नाही, माशी बोलते. आणि टोपीवाल्याची माशी काढून तिथं आपली लावणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकणं.

टोपी आधी माझ्या बापाकडे होती, मग माझ्याकडे आली. जूनच्या पहिल्या रविवारी प्रत्येक जण आपल्याला सगळ्यात जास्त फळलेली माशी टोपीत परत टाकतो. टोपी भरली तर टोपीवाला कायम. रिकामी राहिली तर दुसरा. दुसरा म्हणजे योझो, रेल्वेतला सिग्नलवाला, आता निवृत्त, माझा शाळेपासूनचा दोस्त आणि तेव्हापासूनचा डोक्याला ताप.

दुकान बंद केलं तेव्हा लोक म्हणाले, मास्तर, आता आराम करा. आराम मेल्यावर करीन. टोपी आहे तोवर मी मास्तर आहे.

१४ एप्रिल

ढगाळ, थंड. पाण्यावर काही नाही. जाळी बघितली, तीही रिकामी. यंदा कोळीसुद्धा आळशी झालेत. म्हणून गंजकी लावली, ती अगदीच उपाशी ठेवत नाही. (हे लिहून ठेवलंय, नेदीमसाहेब. आज गंजकी.)

संध्याकाळी एकूण एक जण हात हलवत परत आला. नेदीम म्हणाला, "मास्तर, दुपारभर नदीवर राखी किड्यांचा नुसता धूर होता हो. माझ्या कॉफीत पडले."

"सिगारेट कमी कर, धूर दिसायचा बंद होईल," मी म्हटलं.

सगळे हसले. मग हसू विरल्यावर आंजा कप पुसता पुसता म्हणाली, "मास्तर, पुलाखाली जाळ्यांचे पडदे झालेत पडदे. काल मीच झाडू मारला."

नेदीमला चेव आला. बान्या लुका शहरात त्याचा कुणी वर्गमित्र डोळ्यांचा डॉक्टर आहे म्हणे, एक फोन केला की काम होईल. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "जूनच्या पहिल्या रविवारपर्यंत एक सकाळ चुकवणार नाही. आणि त्या दिवशी टोपी गच्च भरलेली दिसेल. नाही भरली तर मी ती टोपी चावून खाईन."

"मीठ मी आणतो," योझो म्हणाला.

घरी येताना पायरीवर ठेचकाळलो. आंजानं पायऱ्या बदलल्या वाटतं.

१८ एप्रिल

सगळ्या गोष्टींचा दर्जा उतरत चाललाय. वर्तमानपत्रवाले शाईत पाणी घालतात. पुलावरच्या दिव्यांभोवती हल्ली कडी दिसतात, स्वस्तातले बल्ब आणले की असंच व्हायचं. कॉफीच्या किटलीची चोच वाकडी झाली आहे, आज निम्मी कॉफी मेजावर सांडली. बायकोला, शेफिकाला म्हटलं नवी आण. ती म्हणाली, "किटली चांगली आहे रे, अवदो." मग फडकं घेऊन पुसत बसली, बराच वेळ, कोरडं झाल्यावरसुद्धा.

नंतर तिनं विषय काढलाच. डॉक्टर, तपासणी, एक दिवस जाऊन येऊ. मी सांगितलं, डोळे माझे आहेत आणि ते कुठेही जाणार नाहीत. एकदा का लोकांना कळलं की मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला, की टोपी त्याच दुपारी योझोच्या डोक्यावर. शिवाय मला दिसतं. जे बघण्यासारखं असतं ते दिसतं.

योझोचा ईस्टर आला म्हणून ती त्याच्याकडे चीज भरून भाजलेली पिटा घेऊन गेली. पिटा गरम असतानाच गेली आणि अंधार पडायला परत आली. पिटा द्यायला इतका वेळ? म्हणाली, गप्पा मारत बसलो. कसल्या, ते सांगेना.

२२ एप्रिल

राखी रेशमाची रीळ सापडेना. माझी पेटी म्हणजे माझी पेटी, प्रत्येक रिळाचा खण ठरलेला. राखीच्या खणात बोट घातलं तर दुसरंच काहीतरी जाड लागलं. शेफिकाला हाक मारली. ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, "असेल तिथंच, नीट बघ." नीट बघितलं. शेजारच्या खणात होती, चांगली भरलेली. हिनं आवरताना सरकवली असणार.

सगळी दुपार राखी बांधत बसलो. हात अजून चालतो. मी डावखुरा. शाळेत त्या हातावर छड्या खाल्ल्या, पण सुई-दोऱ्यानं मला कधी उजवा हात मागितला नाही. त्यामुळे माझी गुंडाळी सगळ्यांच्या उलट जाते आणि शेवटची गाठ डावीकडे बसते. सबंध खोऱ्यात अशी माशी दुसऱ्या कुणाची नाही. डोळे मिटून, नुसतं नख फिरवून मी माझी माशी ओळखीन.

बांधलेल्या माश्या शेफिकाला दाखवल्या. तिनं एक उचलून खिडकीशी नेली. मग म्हणाली, "छान झाल्यात." तिला माश्यांतलं काय कळतंय म्हणा, पण बरं वाटलं.

२४ एप्रिल

घ्या! आज राखी लावली आणि सगळ्यांच्या टोपल्या जड. आंजाच्या तव्यावर जागा पुरेना. नेदीम स्वतः उठून माझ्या टेबलाशी आला, म्हणाला, "मास्तर, माफी मागतो. माशी अचूक होती." त्यानं ती माशी माझ्यापुढे धरली. मी बघितलीसुद्धा नाही. म्हटलं, "स्वतःचं पोरगं ओळखायला मला कुणी दाखवावं लागत नाही."

योझो कोपऱ्यात बसून जांभया देत होता. त्याच्याकडे बघून रकियाचा पेला उचलला आणि एका घोटात संपवला. मीठ आणणार होता!

६ मे

जुर्जेवदान. वसंताचा सण म्हणून सगळं गाव नदीकाठी जमलं, कोकरं भाजली, योझोच्या नातीनं सगळ्यांना विलोच्या डहाळ्या बांधल्या.

गेल्या पंधरवड्यात टोपी एकदाही चुकलेली नाही. लोक मला हात करतात, लांबून नावानं हाक मारतात, कोण ते कळायच्या आत पुढं निघून जातात. हल्ली सगळ्यांना घाई.

योझोच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या, दोन्ही हातांना. "काय रे, बायकोनं कामाला लावलं काय?" तर म्हणतो, गुलाब छाटले. योझोच्या अंगणात गुलाब? तिथं कांदा आणि भंगारातली सायकल याशिवाय काही उगवत नाही. डोळेही तारवटलेले. म्हटलं, "झोप लागत नाही वाटतं. टोपीची स्वप्नं पडतात?"

"पडतात," तो म्हणाला. "आणि स्वप्नात तू असतोस. म्हणूनच उठून बसतो."

शेफिका इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढं काही विनोदी नव्हतं.

११ मे

एक गोष्ट कळत नाही आणि ती इथंच लिहितो, बाहेर बोलणार नाही. गिरणीखालच्या डोहावर मी आज स्वतः बसलो, माझ्याच राखीवर. ती टाकल्यावर पाण्यात मासा उडाल्याचा आवाज चारी बाजूंनी येत होता आणि माझ्या दोरीला कुणी शिवेना. तोच दिवस, तीच माशी, वरच्या वळणावर नेदीमनं पोटभर धरले. गेल्या आठवड्यातही असंच झालं होतं.

नशीब म्हणायचं. मी माझं सगळं टोपीत घालतो, मला उरत नाही. चालेल. बापालाही शेवटी शेवटी काही मिळत नसे, आणि त्याची टोपी मरेपर्यंत भरलेली होती.

१९ मे

आज योझोला रंगेहाथ पकडला.

सकाळी माश्या लावून घरी गेलो, तंबाखूची पिशवी विसरली म्हणून परत फिरलो. आंजाचं दार अजून बंद. खुंटीपाशी कुणीतरी उभं. जवळ जाईपर्यंत कळेना कोण, मग त्याची खोकण्याची ढब ओळखली. त्याचा हात टोपीवर होता.

"काय चाललंय?"

"वारा होता. पडेल म्हणून धरली."

पान हलत नव्हतं. मी म्हटलं, "टोपीपासून लांब राहा. लाज नाही वाटत? तुझ्या पोराच्या लग्नाचा कोट मी शिवला."

"बाह्या अजून आखूड आहेत."

"विषय बदलू नकोस. तुला ही टोपी पाहिजे. सरळ सांग."

तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "अवदो, एकदा जा ना रे डॉक्टरकडे. मी येतो बरोबर. बसमध्ये तुला खिडकी देतो."

"म्हणजे मी आंधळा ठरलो की टोपी तुझी! मी खिडकीत बसून काय बघू, तुझा राज्याभिषेक?"

"नको मला तुझी टोपी," तो म्हणाला, आणि आवाज असा काढला जणू मीच त्याचं काही चोरलंय. खोटारडा. साठ वर्षांची दोस्ती त्यानं एका फेल्टच्या तुकड्यासाठी घाण केली. मी भांडत भांडत मरेन, पण सोडणार नाही.

घरी येऊन शेफिकाला सगळं सांगितलं. ती उठली आणि पिटाचं पीठ मळायला घेतलं. कुणासाठी, मी विचारलंसुद्धा नाही.

२८ मे

मोठी पिवळी आली! वर्षातून एकदाच नदीवर उठणारा किडा. बाकावर बसलो होतो आणि हाताच्या पाठीवर काहीतरी उतरलं. हललो नाही. बोट हळूच नेलं: उभे पंख, वर वळलेली शेपटी, तिचे ते तीन केस. नदीवरचे पक्षी वेडे झाल्याचा आवाज, मासे पाण्यावर चपाचप तोंड मारतायत. दिसायची गरजच काय? मला कानानं, कातडीनं कळतं. पटकन घरी जाऊन पिवळ्या बांधल्या.

रविवारी सगळ्या जगाला दाखवतो.

१ जून, रविवार

जसं झालं तसं लिहितो. पुरावा म्हणून सुरू केलं होतं, तर पुरावाच राहू दे.

खानावळ भरलेली. शेफिकाही आली होती, बायका एरवी या दिवशी येत नाहीत. टोपी फिरली. प्रत्येकानं आपली माशी टाकली, कुणी वगळलं नाही. आंजानं टोपी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "गच्च भरली, मास्तर." टाळ्या झाल्या. मी टोपी दोन्ही हातांनी जवळ ओढली.

रीत अशी की टोपीवाल्यानं माश्या तळहातावर घेऊन मोजायच्या. मी ओतून घेतल्या आणि एकेक बोटानं सरकवायला लागलो. पहिलीवर नख फिरलं. गाठ उजवीकडे. म्हटलं, कुणाची तरी स्वतःची चुकून आली. दुसरी. उजवीकडे. तिसरी, चौथी. मी मोजायचा थांबलो आणि नुसता नखानं गाठी शोधत राहिलो, सगळ्या तळहातभर. माझी एकही नव्हती.

टाळ्या केव्हाच बंद झाल्या होत्या.

"या कुणाच्या?" मी विचारलं.

"तुझ्याच," योझो म्हणाला.

"माझा हात डावा आहे, योझो."

मग त्याच्या खुर्चीचा आवाज झाला, तो उभा राहिला असावा. "चोवीस एप्रिलपासून. तू लावून गेलास की मी काढायचो आणि माझ्या लावायचो. मला मंडळातून काढा, नियम आहे. पण टोपी भरली आहे, ती त्याचीच."

"म्हणजे तू रोज माझ्या ताटात थुंकलास."

"रोज," तो म्हणाला. "थंडीत, कंबर धरून. बोटं फुटली माझी. तुझ्यासारख्या नाजूक गाठी माझ्या बापाला जमल्या नसत्या."

"आणि तुम्ही?" मी सगळ्यांकडे वळलो. "तुम्हाला ठाऊक होतं?" नेदीमनं घसा खाकरला. आंजा कप पुसायला लागली. सगळ्यांना ठाऊक होतं. सबंध गाव महिनाभर माझी बढाई ऐकून घेत होतं आणि मान डोलवत होतं. असा राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढायचा हेही कळेना.

योझोनं माझ्यापुढे काहीतरी ठेवलं. तंबाखूचा पत्र्याचा डबा. उघडून बोट घातलं: माश्या, काठोकाठ. गाठी डावीकडे.

"फेकल्या नाहीत," तो म्हणाला. "तुझ्या हातच्या आहेत."

त्यातली एक मी उचलली, सगळ्यांपुढे धरली. "रंग कोणता?"

मी ती नेदीमच्या आवाजाच्या दिशेला फिरवली.

"दातांच्या डॉक्टर, रंग कोणता? पहिल्या दिवशी तर फार बोलला होतास."

शेवटी आंजाच म्हणाली. "जांभळा, मास्तर. बिशपच्या कमरपट्ट्यासारखा जांभळा."

"आणि राखी रीळ?"

"मी दिली त्याला," शेफिका म्हणाली. मागूनच बोलली, पण आवाज ठाम होता. "माझ्याकडून चूक झाली असेल तर असू दे. टोपी गेली असती तर तू अंथरूण धरलं असतंस. मला नवरा उभा हवा होता."

मी डबा खिशात घातला. म्हटलं, "दिवस मावळेपर्यंत टोपीवाला मी आहे. आजची माशी ही. जांभळी. या नदीत असला किडा नाही, मला माहीत आहे, मला शिकवू नका. मी हिच्यावर मासा धरणार." आणि गळाची काठी उचलून निघालो. पायरीवर ठेचकाळलो, पण थांबलो नाही.

गिरणीखालच्या डोहापर्यंत सगळे मागं मागं आले. मी पाण्यात उतरलो. बाजूला दुसरं कुणीतरी उतरल्याचा आवाज झाला. तोच ओळखीचा खोकला.

"आता, डावीकडे—" तो कुजबुजला.

"तोंड बंद ठेव. कान आहेत मला."

ऐकत राहिलो. पलीकडच्या काठाखाली एक मासा बारीक आवाज करत वरून किडे टिपत होता. टाकली. काही नाही. पुन्हा. काही नाही. पाय बधिर झाले, मागं लोक कुजबुजेनासे झाले, आंजानं कुणाच्या तरी हाती ब्रेड पाठवला, मी घेतला नाही. ऊन उतरायला लागलं. टाकली, टाकली, टाकली. आणि मग दोरी ताणली गेली.

लहानसाच होता. वितीएवढा. हातात धरला तर थडथडत होता. मी तो डोक्यावर उचलून धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"जांभळीवर!" नेदीम ओरडला. "हे कसं शक्य आहे?"

योझो माझ्या कानाशी म्हणाला, "या माशाच्याही डोळ्यांत काहीतरी असणार. पण डॉक्टरकडे जायला तयार नसेल, लेकाचा."

मी हसलो. आधी मीच हसलो, हे लिहून ठेवतो. पाण्यात उभा राहून इतका हसलो की योझोला माझा दंड धरावा लागला, आणि मग तो धरूनच राहिला. मासा सोडून दिला. किनाऱ्यापर्यंत मी त्याला हात सोडू दिला नाही.

२ जून

बस दुपारची आहे. नेदीमनं फोन केला, त्याच्या डोळ्यांच्या डॉक्टर मित्रानं वेळ दिली. योझो बरोबर येतोय, खिडकी मला मिळणार आहे.

सकाळी टोपीशी गेलो. सगळ्यांना बोलावून घेतलं होतं, आंजाला दार लवकर उघडायला लावलं. मी आधी माझी जांभळी पट्ट्यात खोचली. मग योझोला म्हटलं, "आता तू. माझ्यावर."

"काय?"

"माझ्या माशीवर तुझी लाव. सगळ्यांदेखत, दिवसाउजेडी. चोरून थुंकायला महिनाभर जमलं, आता समोर जमत नाही?"

त्याला खरंच जमेना. दोनदा पट्ट्याला हात लावून त्यानं तो मागं घेतला. शेवटी खोचली. मी बोट नेऊन नख फिरवलं. गाठ उजवीकडे, जरा जाड, पण घट्ट. मोठी पिवळी. आज तीच हवी होती.

"माशी बरोबर आहे," मी म्हटलं. "गुंडाळी उलटी आहे, ती तू मरेपर्यंत सुधारणार नाहीस. माझी खालीच राहू दे. कुणी हात लावायचा नाही. परत आलो की मी ती वर घेणार आहे."